कंपवात आणि चुंबकशक्ती

हात थरथरणे, अंग ताठणे, हालचाली मंदावणे ही ज्या व्याधीची लक्षणे, तिला आपण कंपवात म्हणतो. इ. स. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून पाश्चात्त्य वैद्यकात ती त्याच्या नावाने ओळखली जाते. या व्याधीवरील एका नव्या उपचाराचा परिचय विद्यार्थ्यांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

कंप हातात दिसला, तरी त्याचे मूळ मेंदूत असते. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. त्या नष्ट होऊ लागल्या की हालचालींवरील ताबा सुटतो. लेव्होडोपा या औषधाने ती उणीव काही अंशी भरून निघते. निवडक रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने बारीक तारा बसवून विद्युत्प्रवाहही देतात. परंतु कवटी न उघडता मेंदूपर्यंत पोहोचता येईल काय?

याचे उत्तर आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखविले. कवटीचे हाड विजेला अडविते, चुंबकीय क्षेत्रास अडवीत नाही. १८८५ नव्हे, तर त्याही पुढे शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणिक प्रबळ प्रवाह सोडला. आणि हाताचे स्नायू आपोआप हलले!

असे स्पंद अनेक दिवस वारंवार दिल्यास काही रुग्णांच्या हालचाली थोड्या सुलभ होतात, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्र हा गुण मर्यादित असून कालांतराने ओसरतो. हे क्षेत्र वरवरच्या भागापर्यंतच प्रभावी असते. नष्ट झालेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. म्हणून औषध व व्यायाम हेच आजही मुख्य आधार होत.

येथे एक सावधगिरी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. चुंबकाच्या कड्याने वा पट्ट्याने कंपवात समूळ जातो, असे कोणी सांगितल्यास फॅरडेचा नियम आठवावा. स्थिर चुंबकाचे क्षेत्र बदलत नाही. मग मेंदूत प्रवाह कोठून उत्पन्न होणार? घरातील वृद्धांचा पैसा आणि त्यांची आशा, दोन्ही व्यर्थ जाऊ नयेत, एवढे काम वर्गात शिकलेला एक नियम करू शकतो. आणि त्यांना पाणी देताना पेला अर्धाच भरावा, हे शिकण्यास तर कोणतेही पुस्तक नको.