देव्हारा गेला, भीती गेली काय?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. तेव्हापासून ज्या ज्या घराने दीक्षा घेतली, त्या घरातला देव्हारा हलला. कुणी टाक विहिरीत टाकले, कुणी मूर्ती नदीत सोडल्या. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. मोठे काम झाले. आता एक प्रश्न आपण स्वतःला विचारू या. देवाबरोबर देवाची भीतीही घराबाहेर गेली काय?

आपल्या नांदेड-लातूरकडे पाहा. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ असलेली माय तिन्हीसांजेला लेकराला सांगते, "चिंचेखाली जाऊ नको, धरील." पदवीधर मुलगा मुलाखतीला निघतो, मांजर आडवे जाते आणि त्याचा पाय क्षणभर थांबतो. लेकरू दूध पिईना, तर मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली जाते. विचारले तर सगळे म्हणतात, "आम्ही हे मानत नाही." ते खोटे बोलत नाहीत. त्यांची बुद्धी मानत नाही, पाय मानतो.

असे का होते? कारण भीती बुद्धीच्या आधी शिकवली जाते. अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एक वर्षही पूर्ण न झालेल्या एका लेकरावर प्रयोग केला आणि १९२० साली तो प्रसिद्ध केला. ते लेकरू पांढऱ्या उंदराला न भिता हात लावी. मग उंदीर समोर आणला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असे त्यांनी सुरू केले. काही वेळा असे घडले आणि लेकरू नुसता उंदीर पाहून रडू लागले. पुढे ते सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही भिऊ लागले. प्रयोग निर्दय होता. पण आपण घरात काय करतो? चिंचेचे नाव काढताना आपला आवाज उतरतो, आपण लेकराला घट्ट धरतो. तोच आपला हातोडा. लेकरू चिंचेला भीत नाही; आपल्या आवाजाला भिते. मोठेपणी आवाज विसरतो, भीती राहते.

जातकात एक कथा आहे. राजगृहातल्या एका ब्राह्मणाची वस्त्रे उंदरांनी कुरतडली. हा अपशकुन, घरात ठेवली तर घर बुडेल, असे त्याला वाटले. त्याने मुलाला सांगितले, "हात न लावता ही स्मशानात टाक आणि आंघोळ करून ये." मुलगा वस्त्रे काठीवर घेऊन निघाला. स्मशानात तथागत होते. त्यांनी ती वस्त्रे उचलून घेतली. ब्राह्मण घाबरून धावत आला. तथागतांनी त्याला समजावले की जे शकुन-अपशकुनाच्या पलीकडे गेले, त्यांना असल्या गोष्टींचे भय नसते.

या कथेतला मुलगा ध्यानात ठेवा. हात लावू नको, लागला तर आंघोळ कर: हे शब्द आपल्या ओळखीचे नाहीत काय? आपल्या आजा-पणजाचा स्पर्श झाला की गावातली लेकरे आंघोळीला पळत. ती लेकरे ही भीती पोटातून घेऊन आली नव्हती. बापाने काठी हातात दिली होती. अस्पृश्यता म्हणजे लहानपणी शिकवलेली भीतीच होय. ज्यांनी तिचे चटके सोसले, त्यांनी आपल्या लेकरांच्या हाती दुसरी काठी द्यावी काय?

या भीतीने जीवही जातो. साप चावला की माणूस आधी मांत्रिकाकडे नेला जातो आणि दवाखान्याची वेळ टळते. मराठवाड्यात भानामतीचा बोलबाला आहे. घरावर दगड पडतात, कपड्यांवर फुल्या उमटतात, बाई कुत्र्यासारखी भुंकते. दगड फेकणारा हात माणसाचाच असतो. भुंकणाऱ्या बाईच्या मनात कोंडलेले दुःख असते. तिला माया आणि डॉक्टर पाहिजे. पण संशय जातो एकट्या म्हातारीवर किंवा वस्तीतल्या गरिबावर. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी यासाठी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणाला करणी करणारा ठरवून छळणे, भूत उतरवण्याच्या नावाने मारणे, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-तंत्र करणे, हे आता गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

मग भीती काढायची कशी? नुसत्या थट्टेने ती जात नाही, दडून बसते. मज्झिमनिकायातल्या भयभेरवसुत्तात तथागत स्वतःचा अनुभव सांगतात. संबोधीच्या आधी ते अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री मुद्दाम भयाण समजल्या जाणाऱ्या वनात, झाडांखाली राहत. हरीण येई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पाने सळसळत. आणि हेच ते भय काय, असे मनात येई. तेव्हा त्यांनी ठरवले की चालताना भय आले तर चालतच राहायचे, बसलो असताना आले तर बसूनच राहायचे. भय ओसरेपर्यंत जागा सोडायची नाही. भय येणे ही लाजेची गोष्ट नव्हे, हे सिद्धार्थाच्या या अनुभवावरून कळते.

अमेरिकेतल्याच मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली हेच लहान मुलाबाबत दाखवले. सशाला भिणारा पीटर खाऊ खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी मुलगा सशाशी खेळू लागला.

तेव्हा आपल्या घरी एवढे करा. "बागुलबुवा येईल" म्हणून लेकराला झोपवू नका. अंधाराला भ्यायले तर हसू नका, रागावू नका. हात धरून, कंदील किंवा बॅटरी घेऊन त्याच चिंचेखाली न्या आणि आवाज कशाचा होता ते दोघे मिळून पाहा. दुसऱ्या दिवशी दोन पावले अलीकडे थांबा आणि त्याला पुढे जाऊ द्या. आजीला दुखवू नका. तिलाही बरोबर न्या, तिच्याही लहानपणी कुणी हातोडा मारला होता. साप-विंचू चावला तर तडक सरकारी दवाखाना गाठा. आणि मांजर आडवे गेले, पाय थांबला, तर त्या पायाकडे नीट पाहा आणि चालत राहा.

जय भीम.