आधी कागद, मग रंग

मुक्ता,

जलरंगांची चोवीस ट्यूबांची पेटी घेऊ की छत्तीसची, असं तू विचारलं आहेस. उत्तर तुला आवडणार नाही: यंदा पेटीच घेऊ नकोस. हाताशी असलेल्या पैशांतले निम्म्याहून अधिक कागदावर घाल, आणि उरलेल्यात चार सुट्या ट्यूबा नि एक ब्रश बसव. जलरंग वाहतो, मुरतो, वाळतो, आणि हे सगळं कागदाच्या मर्जीनं होतं. साध्या ड्रॉइंग पेपरवर ओला हात दुसऱ्यांदा फिरवला की वरचा थर उसवून बारीक बोळे निघतात; कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि वाळताना नको तिथे कडा उमटतात. शिकणारी मुलगी मात्र दोष स्वतःच्या हाताला देते. दुकानदार ‘३०० जीएसएम’ हा आकडा दाखवेल, पण तो एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन आहे. त्यावरून कागद कमी फुगेल एवढंच कळतं. रंग कसा मुरेल, पुसून उचलता येईल का, हे ठरतं लगदा कापसाचा की लाकडाचा यावर आणि त्याला दिलेल्या खळीवर.

सराव स्वस्त कागदावर करावा आणि चांगला कागद नंतरसाठी ठेवावा, असं बहुतेक जण सांगतात. पेन्सिलीच्या बाबतीत ते खरंच आहे. रेखाटनाला पाठकोरे कागदसुद्धा चालतात, आणि एचबी, २बी, ६बी एवढ्या तीन पेन्सिली पुरतात. पण जलरंगाच्या सरावात तू पाण्याचा अंदाजच शिकत असतेस, आणि एका कागदावर बसलेला अंदाज दुसऱ्यावर चुकतो. महागाच्या कागदावर हात आखडतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय असा की २२ बाय ३० इंचांचा सुटा ताव घ्यायचा आणि त्याचे आठ तुकडे करायचे. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू वापरल्या की सोळा अभ्यास झाले, आणि एकेका चुकीची किंमत हिशेबात येते.

रंगांत काटकसर करायला मी बेधडक सांगते, कारण रंगाची किंमत आणि त्याचा उपयोग यांचा संबंध फार सैल आहे. अल्ट्रामरीन निळा एकेकाळी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि तो भयंकर महाग असे. १८२४ साली फ्रान्समध्ये त्याच्या स्वस्त कृत्रिम रूपासाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं आणि ते झां-बातिस्त गिमे यांना मिळालं. आज तोच कृत्रिम निळा, ट्यूबवरचा संकेत पीबी २९, विद्यार्थ्यांच्या साध्या ट्यूबेतही असतो. फरक पडतो तो रंगद्रव्य किती आणि भरताड किती यात. गेरूच्या जातीचे मातकट रंगही मुळातच स्वस्त. म्हणून अल्ट्रामरीन, बर्न्ट सायना, लेमन येलो आणि एक लाल घे. पहिले दोन मिसळले की करड्याच्या कितीतरी छटा मिळतात, काळ्या ट्यूबेची गरजच उरत नाही. चार रंगांत काय होणार, असं म्हणशील तर स्वीडनचे आंदर्स झोर्न यांची चित्रं बघ. पिवळी माती, शेंदरी, काळा आणि पांढरा एवढ्यावर त्यांनी माणसांच्या कातडीचा उजेड रंगवला. हो, ते तैलरंग होते, आणि एवढ्याच रंगांत झगझगीत हिरवा किंवा जांभळा निघत नाही हेही खरं. तुझ्या चौकडीतही हिरवा थोडा मळकटच येईल. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेतल्या संकल्पचित्राला मात्र सपाट, ठसठशीत रंग लागतात. त्यासाठी पोस्टर रंगांच्या लहान बाटल्या वेगळ्या घे.

लाल निवडताना जरा थांब. जुना अलिझरीन क्रिमझन, पीआर ८३, उजेडात विटतो. त्याऐवजी पीव्ही १९ बघ. संकेत छापलेलाच नसेल तर कागदावर एक पट्टी रंगव, अर्धी पुठ्ठ्यानं झाक आणि महिनाभर उन्हाच्या खिडकीत लावून ठेव.

ब्रश आठ नंबरचा, गोल, सिंथेटिक. दुकानातच पाणी मागून भिजव आणि एक झटका दे. टोक आपसूक जुळलं तर घे, फाकलं तर परत ठेव. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

तुझी,
मावशी