कर्करोग-सेवा आणि संशोधन : प्रशिक्षणाच्या वाटा

किरणोपचाराचे यंत्र निविदा काढून खरेदी करता येते. त्यासाठी इमारत बांधता येते, विजेची जोडणीही मिळविता येते. परंतु किरणांची मात्रा अचूक ठरविणारा भौतिकतज्ज्ञ, गाठीचा नमुना तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ किंवा खेड्यातील स्त्रीला विश्वासात घेऊन तिची तपासणी करणारी परिचारिका यांपैकी कोणीही बाजारात मिळत नाही. त्यांना घडवावे लागते आणि त्याला काही वर्षे लागतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ या एका वर्षात १४ लाखांहून अधिक व्यक्तींना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक रुग्ण दगावले. आपल्याकडील अनेक रुग्ण रोग बराच पसरल्यानंतर रुग्णालयाची पायरी चढतात, हे या मोठ्या मृत्युसंख्येचे एक प्रमुख कारण होय. मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन ठिकाणचे कर्करोग तर प्रारंभीच ओळखता येण्याजोगे असतात. ते वेळीच ओळखणारी माणसे गावाजवळ असावीत, यासाठी प्रशिक्षणाच्या कोणत्या संधी उपलब्ध आहेत आणि त्यांचा लाभ समाजाला कसा मिळेल, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

परळ येथील प्रारंभ

सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे सुरू झाले. १९५२ साली त्याच्या जोडीला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. नामवंत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक. १९६२ मध्ये रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था यांचे मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. उपचार, संशोधन आणि शिक्षण ही तिन्ही कार्ये एका छत्राखाली चालावीत, ही त्यामागील भूमिका होती. नवी मुंबईत खारघर येथे या केंद्राची प्रगत संशोधन शाखा आहे, तर देशभरातील कर्करोग रुग्णालयांना एका सूत्रात बांधणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे २०१२ पासून कार्यरत आहे.

एका अधिछात्रवृत्तीचे फलित

परदेशी अधिछात्रवृत्तीचा देशाला कसा उपयोग होतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेत आणि पुढील शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. त्यानंतर अधिछात्रवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीरातील पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढविण्याचे, तंत्र शिकल्या.

हे तंत्र घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईत त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शिकून आलेल्या एका व्यक्तीमागे पुढे संशोधकांची एक फळी तयार झाली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब देण्यात आला. त्यांना शिकलेले राबविण्यास येथे जागा व सहकारी मिळाले नसते, तर ही अधिछात्रवृत्ती केवळ एक वैयक्तिक सन्मान ठरली असती.

बार्शी, धाराशिव आणि मुंबईच्या वस्त्या

प्रशिक्षणाचे मोल केवळ प्रयोगशाळेतच दिसते असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगावी प्रशिक्षित कार्यकर्ते जात, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी पाठवीत. या लोकशिक्षणाचा परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांना एकदाच विषाणू-चाचणीची सोय देण्यात आली, त्या गटात तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू झालेला प्रयोग तर पंचायत सदस्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावा असा आहे. तेथे तपासणी करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्ल, लावून गर्भाशयमुखावर पांढरा डाग उमटतो का, हे पाहण्यास त्या शिकल्या. दर दोन वर्षांनी तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. चार आठवड्यांच्या नेमक्या शिक्षणाने किती प्राण वाचू शकतात, याचा हा पुरावा होय.

आरोग्यसेविका, परिचारिका व पदवीधर

केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी तपासणी करावयाची असते. आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका, परिचारिका व वैद्यकीय अधिकारी यांना त्यासाठी आपापल्या कामाचे प्रशिक्षण दिले जाते. नोईडा येथील राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था दूरस्थ पद्धतीने असे शिक्षण देते. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला जागा न सोडता शिकता येते.

नोंदणीकृत परिचारिकांसाठी कर्करोग-परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला तरी रुग्णाच्या वेदना कमी करता येतात. या उपशामक सेवेचे प्रशिक्षण भारतीय उपशामक सेवा संघटना देते. केरळमध्ये १९९३ पासून कोझिकोड येथे झालेले कार्य या क्षेत्रात मार्गदर्शक ठरले आहे.

पदवीधर तरुणांसाठी टाटा स्मारक केंद्राने टाटा न्यासांच्या सहकार्याने २०१९ मध्ये ‘केवट’ हा रुग्ण-मार्गदर्शकांचा अभ्यासक्रम सुरू केला. रामकथेतील नावाड्याचे नाव त्यास अन्वर्थक आहे. कोणत्या विभागात जावे, कोणती कागदपत्रे आणावीत, उपचार मध्येच का सोडू नयेत, हे रुग्णाला समजावून त्याला पैलतीरी नेणे हे या मार्गदर्शकांचे काम.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी

कर्करोगाच्या क्षेत्रात केवळ डॉक्टरांनाच स्थान आहे, हा समज शिक्षकांनी दूर करावयास हवा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वैद्यकीय भौतिकशास्त्राशी निगडित पदव्युत्तर पदविका १९६२ पासून चालविली जाते. असा तज्ज्ञ असल्याशिवाय किरणोपचाराचा विभाग चालविता येत नाही.

जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळू शकते. ती घेऊन खारघर येथे किंवा अन्य मान्यताप्राप्त संस्थेत पीएच.डी. करता येते. महाराष्ट्रातील बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थाही आपापल्या लक्ष्यगटांतील पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

वैद्यकीय पदवीधरांना किरणोपचारात एम.डी. करता येते. शस्त्रक्रिया किंवा औषधोपचार या शाखांत पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर कर्करोगाच्या एम.सीएच. व डी.एम. या अतिविशेष पदव्यांचा मार्ग खुला होतो.

परदेशातील संधी

जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग नियंत्रण संघ ही १९३३ साली स्थापन झालेली संस्था डॉक्टर, संशोधक व परिचारिकांना अल्प मुदतीच्या अधिछात्रवृत्त्या देत आली आहे. सामान्यतः एक महिना दुसऱ्या देशातील संस्थेत राहून एखादे विशिष्ट तंत्र शिकावयाचे, असे तिचे स्वरूप असते. अर्जदार एखाद्या संस्थेच्या सेवेत असावा आणि शिकून तेथेच परतावा, अशी अपेक्षा असते. फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था १९६६ पासून अधिछात्रवृत्तीचा कार्यक्रम राबवीत आहे. रोगाची कारणे व प्रतिबंध यांवर काम करू इच्छिणाऱ्या पीएच.डी.धारकांना तो विशेष उपयुक्त आहे. व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही किरणोपचाराशी संबंधित तज्ज्ञांना प्रशिक्षण देते.

अर्जाची मुदत, वयाची अट व विद्यावेतनाची रक्कम वेळोवेळी बदलते. म्हणून अर्जापूर्वी संबंधित संस्थेची त्या वर्षाची जाहिरात पाहणे आवश्यक आहे. यजमान संस्थेचे संमतिपत्र, स्वतःच्या संस्थेची शिफारस आणि परतल्यानंतर काय करणार याचा स्पष्ट आराखडा ही तीन कागदपत्रे आधीपासून तयार ठेवणे हिताचे ठरते.

परतल्यानंतर काय?

प्रशिक्षणाची संधी अनेकदा दोन ठिकाणी वाया जाते. परिचारिकेची निवड होते, पण तिच्या जागी कोणी नाही म्हणून तिला कार्यमुक्त केले जात नाही. किंवा ती शिकून येते आणि थोड्याच दिवसांत तिची बदली अशा ठिकाणी होते, जेथे त्या ज्ञानाचा उपयोगच नसतो. दोन्ही प्रसंगी कागदोपत्री नियमभंग होत नाही, परंतु नुकसान मात्र त्या परिसरातील रुग्णांचे होते. प्रतिनियुक्तीचा आदेश काढतानाच ती कोठे रुजू होईल, तिला कोणती साधने मिळतील आणि ती आणखी कोणाला शिकवील, हे ठरविल्यास हे टाळता येईल.

पंचायत सदस्यांनीही यात वाटा उचलला पाहिजे. तपासणी शिबिरासाठी पडदा व पाणी असलेली स्वच्छ खोली देणे, ग्रामसभेत या विषयाची माहिती सांगणे, संशयित रुग्णास जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचविणे, ही कामे त्यांच्या आवाक्यातील आहेत. त्यांच्या सहकार्यावाचून प्रशिक्षित आरोग्यसेविकेसमोर तपासणीसाठी कोणी येणार नाही. शिक्षकांच्या वर्गात बसलेली एखादी हुशार मुलगी उद्याची संशोधक, भौतिकतज्ज्ञ किंवा परिचारिका असू शकते. तिला या वाटा वेळेवर दाखविणे हे त्यांच्याच हाती आहे. अशा एका मुलीला योग्य वेळी मिळालेली माहिती काही वर्षांनी एखाद्या तालुक्याला एक जाणती तज्ज्ञ देऊन जाते.