कार्ट एकाची, दिसली दुसऱ्याला: व्हार्निश आणि ईएसआय

व्हिडिओत घाईत राहिलेला मुद्दा इथे लिहितोय.

चादरीच्या दुकानाचं एक पान घ्या. फोटो, माप, माहिती सगळ्यांना सारखी. शिल्लक माल सारखा बदलतो. कार्ट ज्याची त्याची. गड्डा यात्रेच्या दिवसांत गर्दी वाढली की सर्व्हर तेच पान परत परत बनवत बसतो. म्हणून त्याच्या पुढे व्हार्निश बसवायचं. ते तयार पान मेमरीत ठेवतं आणि तेच वाटतं. २००६ मध्ये नॉर्वेच्या एका वर्तमानपत्रासाठी हे बनलं.

आता माझी चूक. रिक्वेस्टमध्ये कुकी असली की व्हार्निश मुळात पान साठवत नाही. मी शहाणपणा केला, ‘कुकी असली तरी साठव’ म्हणून सांगितलं. साइट पळायला लागली, आणि पहिल्या ग्राहकाची कार्ट पुढच्या सगळ्यांना दिसायला लागली! एका ताईंनी फोन केला म्हणून कळलं.

उपाय ईएसआय. पानात कार्टच्या जागी फक्त इन्क्लूड टॅग ठेवायचा, त्यात तुकड्याचा वेगळा पत्ता. बॅकएंड रिस्पॉन्समध्ये ‘डू ईएसआय’ ट्रू करायचं, मग व्हार्निश तुकडे आणून जोडतं. मुख्य पान कुकी काढून एक तास, स्टॉक तीस सेकंद, कार्ट मात्र पास, म्हणजे कधीच साठवायची नाही.

एक गोम आहे. तुकड्याने सेट केलेली कुकी ब्राउझरपर्यंत पोचत नाही. ती ‘कार्टमध्ये टाका’ बटण दाबल्यावरच सेट करा, आणि तो पत्तासुद्धा पास ठेवा. टेस्ट दोन वेगळ्या मोबाइलवरून करा.