चालू यंत्राची तपासणी : संगणकाच्या गाभ्यातील शोधसळई

तिळारीचा कालवा भरून वाहत असतानाही पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचले नाही, तर ते वाटेत नेमके कोठे कमी झाले, हे शोधावे लागते. कालवा कोरडा केला तर भेगा दिसतात, साचलेला गाळ दिसतो. परंतु भरल्या प्रवाहाच्या दाबाखाली कोणत्या भेगेतून किती पाणी निघून जाते, हे कोरड्या कालव्यात दिसत नाही. शिवाय कालवा बंद ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. ज्या प्रकल्पाबाबत महाराष्ट्र व गोवा यांच्यात १९९० साली करार झाला, त्या तिळारीच्या पाण्यावर पेडणे, डिचोली व बार्देश या तालुक्यांतील शेतीच नव्हे, तर अनेक घरांतील नळही अवलंबून आहेत. म्हणून पाणी वाहते ठेवून ठिकठिकाणच्या मापपट्ट्या वाचणे आणि वरच्या व खालच्या ठिकाणचा प्रवाह ताडून पाहणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

आज शासनाचे पुष्कळसे काम संगणकावर चालते. जमिनीच्या नमुना १ व १४ चा उतारा, दाखले, देयके, रुग्णालयातील नोंदी या सर्वांच्या मागे कोठेतरी एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. तो मंदावला किंवा मधूनच अडखळू लागला, तर त्यालाही हाच नियम लागू पडतो. जो दोष यंत्र चालू असतानाच प्रकट होतो, तो यंत्र चालू असतानाच शोधावा लागतो. हे कसे साधते, याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

गाभा म्हणजे काय?

संगणकावर आपण जे कार्यक्रम वापरतो, ते यंत्राच्या भागांना प्रत्यक्ष हात लावीत नाहीत. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली असते आणि तिच्या केंद्रस्थानी कर्नेल, म्हणजे गाभा असतो. कोणत्या कार्यक्रमाला प्रोसेसर किती वेळ द्यावा, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावी, डिस्कवरील फाइल कोणी वाचावी, जाळ्यावरून आलेला संदेश कोणाकडे सोपवावा, हे सर्व गाभा ठरवितो. तालुक्याच्या कचेरीत प्रत्येक कागद जसा आवक-जावक नोंदीतून जातो, तसे प्रत्येक कार्यक्रमाचे काम गाभ्यातून जाते.

लिनक्स हा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते व सुधारता येते. जगातील बहुसंख्य मोठे सर्व्हर आज त्यावर चालतात. अँड्रॉइड मोबाइलच्या आतही तोच असतो. तेव्हा केरीच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या खिशात आणि साखळीच्या दुकानदाराच्या हातात हा गाभा नकळत येऊन पोचला आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशस्थ गोमंतकीयांच्या साहाय्याने गोव्यातील शाळांना जे वापरलेले संगणक मिळाले, त्यांवरही लिनक्सचा उपयोग करण्यात आला होता.

जुन्या पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

गाभ्यातील दोष शोधण्याच्या तीन जुन्या पद्धती आहेत. पहिली अशी की, आज्ञावलीत जागोजागी 'येथपर्यंत पोचलो' असे छापणाऱ्या ओळी घालावयाच्या, गाभा पुन्हा तयार करावयाचा आणि संगणक नव्याने सुरू करावयाचा. यात अडचण अशी की, संगणक नव्याने सुरू होताच दोष पुष्कळदा नाहीसा होतो आणि चार दिवसांनी पुन्हा डोके वर काढतो. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण यंत्र एका जागी गोठवून त्याची आंतरिक स्थिती पाहतात. प्रयोगशाळेत हे ठीक. पण ज्या यंत्रासमोर लोक रांगेत उभे आहेत, ते गोठविता येत नाही. तिसरी पद्धत म्हणजे यंत्र कोसळल्यावर त्याच्या स्मृतीची प्रत काढून तिची तपासणी करणे. ही एक प्रकारची उत्तरीय तपासणी होय. मृत्यूचे कारण तिच्यातून कळते, परंतु जे यंत्र कोसळत नाही, नुसते मंदावते, त्याच्या बाबतीत तिचा उपयोग होत नाही.

शोधसळई कशी बसते?

धान्याचे पोते न उघडता त्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढून पाहतात. गाभ्यात बसविल्या जाणाऱ्या प्रोबचे काम असेच असते. म्हणून त्याला येथे शोधसळई म्हटले आहे.

गाभा म्हणजे शेवटी प्रोसेसरने एकामागून एक पाळावयाच्या सूचनांची लांबलचक मालिका होय. या मालिकेतील कोणत्या ठिकाणी पाहावयाचे, हे तपासणारा प्रथम ठरवितो. समजा, 'फाइल वाचणे' हे काम जेथे सुरू होते, ते ठिकाण निवडले. तेथील मूळ सूचनेची एक प्रत बाजूला जपून ठेवली जाते. मग इंटेल जातीच्या प्रोसेसरवर त्या सूचनेच्या केवळ पहिल्या बाइटच्या जागी 'क्षणभर थांबा' अशा अर्थाची एक बाइटची सूचना बसविली जाते. प्रोसेसर तेथे पोचला की थबकतो आणि तपासणाऱ्याने लिहून ठेवलेला छोटासा कार्यक्रम चालतो. हा कार्यक्रम वेळ टिपतो, कोणाचे काम चालले आहे ते नोंदवितो किंवा नुसता आकडा एकाने वाढवितो. त्यानंतर जपून ठेवलेली मूळ सूचना पाळली जाते आणि प्रोसेसर पुढच्या मार्गाला लागतो. तपासणी संपली की मूळ बाइट पुन्हा जागच्या जागी येतो व गाभा पूर्ववत होतो. या सर्व काळात यंत्र बंद करावे लागत नाही आणि वापरणाऱ्या कार्यक्रमांना याची जाणीवही होत नाही.

सळई दोन ठिकाणी बसविता येते : काम सुरू होते तेथे आणि काम संपवून गाभा परत फिरतो तेथे. दोन्ही वेळांची वजाबाकी केली की त्या कामाला किती काळ लागला, हे कळते. कालव्याच्या दोन मापपट्ट्यांमधील फरकासारखाच हा फरक होय.

या कामाचा इतिहास

ही कल्पना आयबीएम कंपनीत तिच्या ओएस-टू या कार्यप्रणालीच्या काळात रुजली आणि २००० च्या सुमारास तेथूनच लिनक्समध्ये आणली गेली. तिच्या पुढील विकासात भारतीयांचा वाटा मोठा आहे. 'केप्रोब्ज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या शीर्षस्थानी आयबीएमच्या भारतातील केंद्रात काम करणाऱ्या वंसी कृष्ण एस., सुपर्णा भट्टाचार्य आणि प्रसन्न पंचमुखी यांची नावे नोंदलेली आहेत. ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.९ या आवृत्तीत ही सोय समाविष्ट झाली.

त्याच सुमारास अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत ब्रायन कँट्रिल, मायकेल शापिरो व ॲडम लेव्हेन्थल यांनी 'डीट्रेस' हे साधन तयार केले. ते २००५ साली सोलारिस १० या कार्यप्रणालीबरोबर लोकांच्या हाती आले. लिनक्ससाठी २००५ पासून 'सिस्टिमटॅप' व २०१४ नंतर 'ईबीपीएफ' ही साधने विकसित झाली. ईबीपीएफचे वैशिष्ट्य असे की, तपासणाऱ्याचा कार्यक्रम गाभ्यात शिरण्यापूर्वी त्याची कसून छाननी होते. तो निश्चितपणे संपेल ना, नेमून दिलेल्या जागेबाहेरची स्मृती तो वाचणार तर नाही ना, हे गाभा स्वतः पाहतो. शंका आल्यास कार्यक्रम दारातूनच परत पाठविला जातो.

एक बोधप्रद उदाहरण

डीट्रेसच्या निर्मात्यांनी २००४ साली सादर केलेल्या निबंधात एक अनुभव नमूद केला आहे. त्यांच्या कंपनीतील एका मोठ्या संगणकावर सुमारे १७० लोक एकाच वेळी काम करीत असत. यंत्रात दहा प्रोसेसर होते, स्मृतीही भरपूर होती. तरीही ते मंद झाले होते. नेहमीच्या आकडेवारीवरून प्रोसेसर एकमेकांना वारंवार अडवीत आहेत, एवढेच समजत होते. त्यामागील कारण कळत नव्हते. मग चालू यंत्रातच प्रश्न विचारावयास सुरुवात झाली. हे अडथळे कोणत्या कार्यक्रमामुळे होतात? तो कार्यक्रम हे काम कोणाच्या सांगण्यावरून करतो? असे एकेक पाऊल मागे जाता जाता शोध शेअरबाजाराचे भाव पडद्यावर सरकत दाखविणाऱ्या एका शोभेच्या कार्यक्रमापाशी येऊन थांबला. मोजक्याच लोकांनी तो चालू ठेवला होता, पण तो दर सेकंदाला शेकडो वेळा निरर्थक काम करीत होता आणि त्याची झळ सर्वांना लागत होती.

येथे यंत्र अपुरे नव्हते आणि गाभाही सदोष नव्हता. नवे यंत्र विकत घेतले असते, तर पैसा खर्च झाला असता आणि दोष नव्या यंत्रात जसाच्या तसा गेला असता.

कचेरीतील उपयोग

समजा, एखाद्या तालुक्यात रोज सकाळी अकराच्या सुमारास उतारे निघण्यास फार वेळ लागतो. दूर गावाहून बस पकडून आलेला शेतकरी दुपारपर्यंत खोळंबतो आणि 'सर्व्हर चालत नाही' एवढेच उत्तर त्याला मिळते. तपासणाऱ्याने फाइल वाचण्याच्या आरंभी व अखेरीस सळई बसविली आणि प्रत्येक वाचनाला लागलेला वेळ गटवार मोजला. बहुतेक वाचने क्षणार्धात होतात, परंतु काही थोड्या वाचनांना दोन-दोन सेकंद लागतात, असे त्याला आढळले. सरासरी काढली असती तर हे झाकून गेले असते. आता त्याच क्षणी डिस्कवर आणखी कोणाचे काम चालू होते, हे पाहिले. तेव्हा असे उमगले की, रात्री अकराला घ्यावयाची नोंदींची सुरक्षित प्रत चुकून सकाळी अकराला घेतली जात आहे. अशा वेळी वेळापत्रकातील एक आकडा बदलला की काम भागते.

म्हणून यंत्रखरेदीचा प्रस्ताव पुढे येईल, तेव्हा संबंधित अधिकाऱ्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्र कोणत्या वेळी मंदावते? त्या वेळी ते नेमके कशाची वाट पाहत असते? आणि हे चालू यंत्रात मोजून पाहिले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे केवळ अंदाज होत.

सावधगिरी

पाहण्यासही किंमत पडते. २००५ च्या सुमाराच्या प्रोसेसरवर एका थांब्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका किंवा त्याच्या निम्मा काळ लागत असे. हा काळ नगण्य वाटतो. परंतु जे ठिकाण सेकंदाला एक लाख वेळा ओलांडले जाते, तेथे सळई बसविली, तर एका प्रोसेसरचा जवळजवळ एक दशांश वेळ पाहण्यातच खर्ची पडू शकतो. म्हणून गजबजलेल्या ठिकाणी कमीत कमी काळ सळई ठेवावी आणि प्रत्येक नोंद लिहून काढण्याऐवजी केवळ मोजणी करावी. गाभ्यातील काही ठिकाणी तर सळई बसविण्यास मुळातच बंदी असते. कारण सळईचे काम ज्या भागावर चालते, त्याच भागात ती बसविली तर यंत्र स्वतःच्याच पायात अडकेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गाभ्यातून सर्वांचे काम जात असल्यामुळे तेथे पाहणाऱ्याला सर्वांचे काम दिसू शकते. कोणी कोणती फाइल उघडली, कोणता संदेश पाठविला, प्रसंगी कोणता परवलीचा शब्द दिला, हेही त्याच्या दृष्टीस पडू शकते. यासाठी हा अधिकार यंत्राच्या सर्वोच्च व्यवस्थापकाकडेच असतो. २०२० साली लिनक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र परवानग्यांची व्यवस्थाही करण्यात आली. कचेरीतही तसाच शिस्तीचा नियम असावा. सळई कोणी, केव्हा, कशासाठी बसविली व केव्हा काढली, याची लेखी नोंद ठेवावी आणि दोष शोधण्यास आवश्यक तेवढेच पाहावे. टपाल वाटणाऱ्याने पाकिटे मोजावीत, ती उघडू नयेत.

शिक्षकांसाठी प्रयोग

हा विषय संगणक नसलेल्या वर्गातही शिकविता येतो. बारा मुलांना ओळीत बसवावे व पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चिंचोके एकेक करून पुढे देण्यास सांगावे. मधल्या एका मुलाला गुपचूप सांगून ठेवावे की, प्रत्येक तिसरा चिंचोका त्याने मनात पाचपर्यंत मोजून मगच पुढे द्यावा. इतरांनी खोळंबा कोठे होतो ते शोधावे.

प्रथम 'थांबा' म्हणून सर्वांना जागच्या जागी थांबवावे. प्रत्येकाच्या मुठीत काय आहे ते दिसते. पण कोण किती वेळ लावतो, ते कळत नाही. मग ओळ चालू ठेवून मध्यभागी एक निरीक्षक उभा करावा. त्याच्यापर्यंत चिंचोके अडखळत येत असतील तर दोष अलीकडच्या अर्ध्यात, अन्यथा पलीकडच्या अर्ध्यात. असे अर्धे-अर्धे करीत गेल्यास तीन-चार फेऱ्यांत तो मुलगा सापडतो. शेवटी निरीक्षकाला प्रत्येक चिंचोका हातात घेऊन, त्यावर क्रमांक लिहून मगच पुढे देण्यास सांगावे. आता निरीक्षकापाशीच चिंचोके साचू लागतात आणि पाहणाराच अडथळा कसा बनतो, हे मुलांना न सांगता समजते.

समारोप

यंत्र बिघडले की ते बंद करून पुन्हा चालू करणे, ही सवय सर्वत्र आढळते. त्याने काम तात्पुरते सुरू होते, पण दोषाचा पुरावा पुसला जातो आणि तोच दोष आठवड्याने परत येतो. शोधसळईची शिकवण याच्या उलट आहे. दोष चालू प्रवाहातच पाहावा, मोजून पाहावा, प्रवाहाला धक्का न लावता पाहावा आणि पाहून झाल्यावर सळई काढून घ्यावी. कालव्याच्या टोकाला शेत असलेल्या माणसाला पाणी का आले नाही, याचे खरे उत्तर मिळावयास हवे. कचेरीच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचाही तोच हक्क आहे.