१४ मेगावॉट आणि आपलं राळेगाव

कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पांच्या उभारणीत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. सुटीत राळेगावला आलो की कुणी ना कुणी विचारतंच, "भाऊ, आपल्या इथं काहून नाही होत असा मोठा प्रकल्प?" त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. आधी कचरा मोजा, मग यंत्र बघा. पिंपरी-चिंचवडच्या मोशीतला प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. त्याची क्षमता १४ मेगावॉट आणि त्याला कचरा लागतो रोज सुमारे ७०० टन. आपल्यासारख्या गावात दहा हजार वस्तीमागे दिवसाला दोन ते चार टन निघतो. आपल्या जिल्ह्यातली यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस ही सगळी शहरं एकत्र केली तरी ७०० टन भरत नाहीत. शिवाय तो वाहून आणायचं डिझेल वेगळंच.

२. ओला कचरा जळत नाही. हे सगळ्यांना कळतं, पण आराखडा करताना हमखास विसरलं जातं. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली परदेशी तंत्राचा प्रकल्प उभा राहिला. किलोमागे १,४०० किलोकॅलरीहून जास्त उष्णता मिळेल असं धरलं होतं, प्रत्यक्षात हजारही मिळेना. काही आठवड्यांतच तो बंद पडला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी १,५०० किलोकॅलरी ही रेघ आखली. पुनर्वापर न होणारा जो कचरा या रेघेच्या वर, त्याची ऊर्जा करायची.

जुलैत अशा प्रकल्पाच्या कोठारात उभं राहून बघावं. क्रेनचा पंजा ढीग उचलतो आणि त्यातून काळ्या, आंबूस पाण्याची धार लागते. भट्टीत टाकण्याआधी माल पाच-सात दिवस निथळत ठेवावा लागतो. तरीही भाजीचे देठ, शिळी पोळी, चहाचा चोथा यांतलं पाणी आत जातंच आणि त्याची वाफ करण्यात भट्टीची बरीच ताकद खर्ची पडते. ही वीज आपल्या स्वयंपाकघरातच वाया गेलेली असते.

३. करारातलं 'रोज किमान इतके टन' हे कलम दोनदा वाचा. एका शहरात मी बघितलं, टन कमी पडले की दंड बसायचा. मग राडारोडा, नाल्यातला गाळ, जे मिळेल ते काट्यावर यायचं. वजन भरायचं आणि भट्टी विझायची.

४. धुराकडे काणाडोळा नको. निदान ८५० अंश तापमानात वायू दोन सेकंद तरी राहिला पाहिजे, नाहीतर पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. धूर गाळण्याची यंत्रणा महाग असते आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते.

५. भंगार वेचणाऱ्या बायांना आधी विचारा. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काम करते आहे. पुठ्ठा आणि प्लास्टिक हेच भट्टीचं चांगलं जळण आणि हीच या बायांची रोजी. ती जाळण्याआधी त्यांचा हिशेब झालाच पाहिजे.

६. राळेगावला भट्टी नको, गॅस हवा. नाशिक महापालिकेने २०१७ मध्ये हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयाचा मैला एकत्र कुजवून त्या गॅसवर वीज करायला घेतली. ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्र आपल्याकडे केव्हाचं उपलब्ध आहे. एक टन चांगला ओला कचरा म्हणजे स्वयंपाकाच्या दोन-तीन सिलिंडरइतका गॅस आणि वर खत. आठवडी बाजाराचा पालापाचोळा, खानावळींचं उरलंसुरलं आणि घरोघरचा ओला कचरा एवढ्यावर लहान प्रकल्प चालतो. कामाचं नसलेलं सुकं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळता येतं आणि असे कारखाने आपल्याच जिल्ह्यात मुकुटबनला आणि शेजारच्या चंद्रपुरात आहेत.

आणि खरं जळण तर आपल्या वावरात आहे. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी आपण धुऱ्यावर पेटवून देतो. तिचा भुगा दाबून पांढरा कोळसा होतो, तो बॉयलरला चालतो.

तेव्हा नगर पंचायतीकडे मेगावॉट मागू नका. गॅसचा लहान प्रकल्प मागा, आणि उद्या सकाळी घंटागाडी आली की ओला-सुका वेगळा करूनच द्या.