आधी गिअर बघा, मग मोटर

जळालेल्या वाइंडिंगचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. तापलेल्या व्हार्निशचा, किंचित गोडूस आणि घशाला झोंबणारा. माझ्या मॉडेल रेल्वेच्या, एचओ मापाच्या डिझेल इंजिनातून तो आला तेव्हा इंजिन रुळावर ढिम्म उभं होतं, कंट्रोलर पूर्ण वर होता आणि पुढचा दिवा मात्र लख्ख पेटलेला होता. दिवा लागतोय म्हणजे वीज पोचतेय, मग हे हलत का नाही, असं म्हणत आपण वाकून बघत राहतो. तेवढा वेळ त्या मोटरला जळायला पुरतो.

असं का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ही मोटर १२ व्होल्ट डीसीवर चालते. फिरत असताना ती स्वतःही जनित्रासारखी वागते आणि उलट्या दिशेचा व्होल्टेज तयार करते, त्यामुळे तिच्यात शिरणारा करंट आपोआप कमी राहतो. चाक अडकलं की हा उलटा व्होल्टेज शून्य. मग करंटला अडवायला उरतो फक्त तांब्याच्या तारेचा रोध. तो १२ ओहम धरला तर १ अँपिअर करंट वाहतो, म्हणजे १२ वॅट उष्णता, तीही अंगठ्याच्या पेराएवढ्या बंद डबीत. एकही हालचाल होत नाही, सगळी वीज उष्णतेत जाते. तारेवरचं व्हार्निश वितळतं, वेढे एकमेकांना चिकटतात, रोध आणखी घटतो, करंट आणखी वाढतो. तिथून पुढे काही वाचत नाही.

मंडईजवळ मोटरी भरून देणारे एक काका आहेत. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप, सगळं भरतात. जळालेल्या मोटरचं आर्मेचर, म्हणजे आतला तार गुंडाळलेला फिरता भाग, मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला, हुंगला आणि परत दिला. “एवढी बारीक तार माझ्याच्याने भरली जायची नाही. नवीनच टाका.” मग जरा थांबून म्हणाले, “पण का जळाली ते आधी बघा साहेब. शेतकरी पंप भरून नेतात आणि पंधरवड्यात परत हजर. बेअरिंग धरलेलं असतं, ते कुणी बघतच नाही.”

माझ्या इंजिनात नेमकं तेच होतं. ते मी सेकंडहँड घेतलेलं. विकणाऱ्याने ‘मोटर अगदी नवी आहे’ असं कौतुकाने सांगितलं होतं. सेकंडहँड इंजिनात नवी मोटर आहे असं कुणी सांगितलं, तर जुनी कशाने गेली हे लगेच विचारावं. इथे कुणीतरी मोटर बदलली होती, गिअरबॉक्स मात्र उघडलाच नव्हता. मागच्या बोगीचं झाकण काढलं तेव्हा एका आसावरचा पांढरा प्लास्टिकचा गिअर भिंगाखाली धरला. दोन दातांच्या मधोमध, केसाएवढी, आरपार चीर. हे गिअर धातूच्या आसावर दाबून बसवलेले असतात. वर्षानुवर्षं तो ताण सोसत प्लास्टिक शेवटी तडकतं. चीर पडली की तिथल्या दोन दातांमधलं अंतर किंचित वाढतं, आणि प्रत्येक फेऱ्यात ती जागा वरच्या गिअरपाशी आली की तिथे अडते. म्हणूनच गाडी सावकाश चालवली की चाकाच्या दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज यायचा. असा ठरावीक अंतराने येणारा आवाज ऐकू आला तर गाडी त्याच क्षणी उतरवा. तो आवाज मोटर जळण्याच्या बराच आधी येतो, ही त्यातली चांगली गोष्ट.

चीर दिसली की लोक सुपरग्लू काढतात. काढू नका. गोंदाने अंतर कमी होत नाही, उलट तो दातांत जातो. गिअर बदलणं हाच उपाय. आणि गिअर शाबूत असला तरी आसाला गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे बघा. गाडी जमिनीवर चालत असेल आणि घरात लांब केस असलेलं कुणी असेल, तर आसावर केसांचं रीळच निघतं. चिमट्याने ओढत बसण्यापेक्षा धारदार पात्याने कापून काढलेले बरे.

तपासायची माझी पद्धत अशी. मोटर बाहेर काढायची, वर्म गिअरही बाजूला करायचा, कारण वर्म जागेवर असताना चाकं हाताने फिरत नाहीत. मग बोगी रुळाच्या तुकड्यावर ठेवून तो तुकडा थोडा तिरका करायचा. बोगी आपोआप घरंगळली पाहिजे. अडखळली, तर दोष मोटरमध्ये शोधू नका. इथे घाई करणाऱ्याचे पैसे दोनदा जातात.

आता मोटरकडे. बंद पडलेली प्रत्येक मोटर जळालेली नसते, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण चांगल्या मोटरी कचऱ्यात जाताना मी पाहिल्या आहेत. कार्बन ब्रश झिजून संपलेले असतात, किंवा कॉम्युटेटरच्या फटींमध्ये कार्बनची काळी भुकटी भरून दोन पट्ट्या आपसात जोडल्या जातात. लाकडी टूथपिकने फटी मोकळ्या कराव्यात, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसाव्यात. सॅंडपेपर लावू नये. कॉम्युटेटरवर तेल तर मुळीच नको. तेल आणि कार्बन मिळून जो चिखल होतो त्यातूनच पुढची ठिणगी पडते. तेल द्यायचं ते दोन्ही टोकांच्या बेअरिंगला, सुईच्या टोकाने, एकेक थेंब.

खरंच जळली का, हे मल्टिमीटर सांगतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा मीटर सहज मिळतो. तीन पोलच्या आर्मेचरला कॉम्युटेटरच्या तीन पट्ट्या असतात. दोन-दोन पट्ट्यांमधला रोध मोजा, तीन आकडे येतील. तिन्ही सारखे तर वाइंडिंग ठीक. एखादा बराच कमी आला तर वेढे शॉर्ट आहेत, बराच वाढला तर तार तुटली आहे. तार तुटली असेल तर कधीकधी ती पट्टीच्या डाखाशीच सुटलेली असते आणि पुन्हा डाख देऊन भागतं. शॉर्ट असेल तर नाद सोडा.

जुन्या, उघड्या फ्रेमच्या मोटरींबद्दल एक सावधगिरी: हौसेने आर्मेचर बाहेर काढू नका. त्यांतली जुनी अल्निको चुंबकं आर्मेचर काढताच अशक्त होतात, आणि चुंबक अशक्त झालं की मोटर तेवढ्याच ओझ्याला जास्त करंट ओढते.

नवी मोटर घेताना फक्त लांबी-रुंदी जुळवून भागत नाही. जुन्या सीडी ड्राइव्हमधली मोटर आकाराने बसते म्हणून बरेच जण ती टाकतात. पण अशा मोटरी साधारण ५-६ व्होल्टच्या असतात, १२ व्होल्टवर त्या भन्नाट पळतात आणि लवकरच जळतात. शाफ्ट व्हर्नियरने मोजा, १.५ मिमीचा वर्म २ मिमीच्या शाफ्टवर ठोकून बसवायचा नसतो. जुना वर्म पुलरने ओढा, पकडीने पिळला की शाफ्ट वाकतो. बसवल्यावर डबे न जोडता, ॲमीटर लावून, दोन्ही दिशांना सावकाश फिरवा. काटा एका जागी थरथरत असेल तर काहीतरी अजून घासतंय.

डीसीसीवाल्यांनी, म्हणजे इंजिनात डिकोडर बसवून डिजिटल नियंत्रण वापरणाऱ्यांनी, दोन गोष्टी बघाव्यात. मोटरची दोन्ही टोकं चासिसपासून पूर्ण वेगळी असली पाहिजेत, नाहीतर मोटरआधी डिकोडर जातो. आणि चाक धरून ठेवल्यावर १२ व्होल्टला मोटर किती करंट घेते ते क्षणभर मोजा. तो आकडा डिकोडरच्या क्षमतेच्या आत हवा.

पुण्यात भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे. ते पाहून आलेली बरीच मंडळी पहिला सेट मागवतात तो परदेशातल्या मुलाकडून किंवा भाचीकडून. तिथे मोटर जाळायचा आणखी एक मार्ग तयार होतो. अमेरिकेतल्या सेटबरोबर येणारा जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला पॉवर पॅक १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घातला की रुळावर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज जातो, आणि पॅक स्वतःही जळतो. जर्मनीहून आलेल्या, मार्कलिन कंपनीच्या जुन्या सेटचा ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेवर चालतो, पण रुळावर देतो १६ व्होल्ट एसी. त्याला साधा डीसी ट्रॅक जोडला तर इंजिन जागेवरच गुणगुणत तापतं. तेव्हा सेट निघण्याआधीच पाठवणाऱ्याला पॅकच्या मागच्या लेबलचा फोटो पाठवायला सांगा. इनपुटला १००-२४० आणि आउटपुटला डीसी लिहिलेलं असेल तरच तो पॅक मागवा. नाहीतर इंजिन-डबे येऊ द्या आणि पॅक इथेच विकत घ्या.